११ बिग ब्लाइंड, बटनवर अठ्ठीची जोडी, आणि समोरच्यानं ऑल-इन टाकलंय

पंचगंगा

मंडळी, गेल्या आठवड्यात गोव्याला जाऊन आलो. वर्षातून दोनदा जातो, मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर पोकरची एक टूर्नामेंट खेळतो आणि कोल्हापूरला परत येतो. कॅश गेमला, म्हणजे थेट पैशांच्या डावाला, बसत नाही. एक हात डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

३१ जण उरले होते, पैसे २७ जणांना. आमच्या टेबलावर आठ जण. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पत्ते बघण्याआधीच भरायची रक्कम, २,०००/४,००० (स्मॉल आणि बिग), शिवाय बिग ब्लाइंडवाल्यानं भरायची अँटी, म्हणजे जादा भरणा, ४,०००. माझ्याकडे ४४,०००, म्हणजे ११ बिग ब्लाइंड. मी बटनवर, म्हणजे ब्लाइंडवाल्यांच्या अगदी आधीच्या जागेवर. अंडर द गन, म्हणजे सगळ्यात आधी बोलायच्या जागेवर, बसलेले गृहस्थ साठीच्या पुढचे, अगदी शांत. तासाभरात त्यांनी दोनच हात खेळले होते. त्यांनी पत्ते पाहिले, थोडं थांबले आणि आपले सगळे ४०,००० पुढे सरकवले, म्हणजे ऑल-इन. मधल्या सगळ्यांनी फोल्ड केलं, पत्ते सोडले. मी पत्ते उचलले तर किल्वर अठ्ठी आणि बदाम अठ्ठी.

अर्धा मिनिट विचार केला. मनात एवढंच होतं की तासाभरात आलेला हा सगळ्यात चांगला हात आहे, आता सोडला तर परत कधी येणार. कॉल केला, म्हणजे तेवढेच ४०,००० घातले. दोन्ही ब्लाइंडवाले बाजूला झाले. गृहस्थांनी इस्पिक एक्का आणि चौकट राजा उघडला. फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते) नव्वी-चौकी-दुर्री, टर्नला (चौथा) सत्ती, आणि रिव्हरला (पाचवा) किल्वर राजा. उरला ४,०००चा एक बिग ब्लाइंड, तोही पुढच्या दोन हातांत गेला.

मी पंचावन्न टक्क्यांनी पुढे होतो ना? मग चूक झाली की फक्त नशीब आडवं आलं? मला खरंच कळून घ्यायचंय, सांत्वन नको.

गणिताची_वही

सांत्वन नको म्हणालात म्हणून थेट आकड्यांवर येते.

पॉटमध्ये त्यांचे ४०,०००, दोन ब्लाइंडचे ६,००० आणि अँटीचे ४,०००, असे ५०,००० होते. तुम्ही ४०,००० घातले की ९०,०००. म्हणजे नुसत्या चिप्सचा हिशेब धरला तर तुम्हाला ४४.४ टक्के वेळा जिंकायला हवं. पंचावन्न टक्के हा आकडा पत्ते उघडल्यानंतरचा आहे. निर्णय घेताना तुमच्यासमोर एक्का-राजा नव्हता, त्या गृहस्थांची सगळी रेंज होती. प्रश्न असा विचारायचा की पहिल्या जागेवरून, सात जण मागे बसलेले असताना, हा माणूस कोणकोणत्या पत्त्यांवर ४०,००० टाकेल?

समजा तो फार घट्ट आहे: नव्वीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी, बस. तुमच्यापेक्षा मोठ्या सहा जोड्या, प्रत्येक ६ प्रकारांनी, म्हणजे ३६. एक्का-राजा आणि एक्का-राणी मिळून ३२. मोठ्या जोडीसमोर अठ्ठ्या साधारण पाचात एकदा जिंकतात, दोन मोठ्या सुट्या पत्त्यांसमोर साधारण ५५ टक्के वेळा. सरासरी येते ३६ टक्क्यांच्या आसपास. हवे होते ४४.४. हा कॉल तोट्याचा.

आता समजा तो मोकळा खेळतो: पंजीच्या जोडीपासून पुढे सगळं, एक्का-दश्शी आणि वरचे, राजा-राणी, एकाच रंगाचे काही राजे आणि राणी-गुलाम. मग तुम्ही ४९ टक्क्यांच्या जवळ जाता आणि कॉल फायद्याचा होतो. हात तोच, जागा तीच, फक्त समोरच्याचा स्वभाव बदलला की उत्तर उलटं होतं. तासाभरात दोन हात खेळणारा माणूस मी तरी पहिल्या प्रकारातच धरेन.

अजून एक. त्या घट्ट रेंजमधले निम्म्याहून जास्त हात तुम्हाला चिरडणारे होते. एक्का-राजा उघडला तेव्हा खरं तर तुमचं नशीब चांगलं होतं. ते रिव्हरला फिरलं, एवढंच.

जुना_पत्तेवाला

मी पोकर उशिरा शिकलो, आयुष्य गेलं रमी आणि तीन पत्तीत. पंचगंगा, तुमच्या मनात जे झालं ते मी ओळखतो, कारण माझ्याही मनात पहिली दोन वर्षं तेच व्हायचं. तीन पत्तीत चारपैकी तीन हातांत साधी जोडीसुद्धा येत नाही. त्यामुळे जोडी आली की हात आपोआप आत जातो. दिवाळीच्या रात्री अठ्ठीच्या जोडीवर कितीतरी डाव मारलेत.

पण तिथं जोडी म्हणजे तयार पान. वाटप संपलेलं असतं. इथं दोन पत्त्यांची जोडी ही नुसती सुरुवात असते, टेबलावर अजून पाच पत्ते यायचे असतात आणि ते समोरच्याचेही असतात. अठ्ठी घेऊन फ्लॉप पाहिला तर शंभरातले ८७ वेळा तिथं किमान एक पत्ता अठ्ठीपेक्षा मोठा असतो. मला हा आकडा एका पोरानं सांगितला तेव्हा विश्वास बसेना. वहीत मांडून पाहिला: ५० पत्त्यांत मोठे २४, बाकीचे २६, त्या २६ मधूनच तिन्ही यायला हवेत. खरंच तेवढाच येतो. तिसरी अठ्ठी मात्र साडेआठ वेळांत एकदाच.

म्हणून मधल्या जोड्यांना फ्लॉप आवडत नाही. त्यांना फ्लॉपच्या आधीच निकाल लागलेला आवडतो.

रातराणी

वरच्या दोघांचं पटलं, पण दोघांनीही एक गोष्ट मोजली नाही. ३१ उरलेत, पैसे २७ जणांना. टूर्नामेंटमध्ये चिप्स म्हणजे पैसे नाहीत. दुप्पट चिप्स झाल्या म्हणून तुमचा वाटा दुप्पट होत नाही, पण शून्य चिप्स म्हणजे मात्र शून्य वाटा.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण सांगते. चार जण उरलेत, चौघांकडे सारख्याच चिप्स, बक्षीस तिघांना ५०, ३० आणि २० टक्के. चौघांचाही वाटा २५-२५. आता एकानं ऑल-इन टाकलं आणि तुम्ही कॉल करून जिंकलात. तुमच्याकडे निम्म्या चिप्स आल्या. तुमचा वाटा ५० झाला का? नाही. पहिलं येण्याची शक्यता निम्मी, दुसरं येण्याची एक तृतीयांश, तिसरं येण्याची एक षष्ठांश. २५ अधिक १० अधिक ३.३, म्हणजे ३८.३. हरलात तर २५ गेले, जिंकलात तर १३.३ मिळाले. ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉल करायला ६५ टक्के लागतात! अठ्ठीची जोडी कुठल्याही दोन पत्त्यांसमोर ६९ टक्के असते. म्हणजे समोरचा डोळे मिटून टाकत असेल तरच जेमतेम कॉल, जरा निवडून टाकत असेल तर फोल्ड. चिप्सच्या हिशेबात मात्र याच कॉलला ५० टक्के पुरले असते. चिप्सची पैशांतली किंमत काढायच्या या सगळ्या हिशेबाला आयसीएम म्हणतात, आणि बबलजवळ, म्हणजे पैशात जायच्या उंबरठ्यावर, मधल्या जोड्यांचा जीव यानंच जातो.

पंचगंगांचा प्रसंग इतका टोकाचा नाही, चार जण जायचे होते आणि बक्षिसांची उतरंडही मोठी. पण ४४.४ च्या वर काही टक्के नक्कीच लागत होते. माझ्या मते फोल्ड, आणि तो अवघड फोल्डही नाही.

मला वेगळाच प्रश्न पडलाय. तुम्ही लिहिलंय, "तासाभरात आलेला सगळ्यात चांगला हात". त्याआधीच्या फेरीत काय काय आलं होतं? आठवत असेल तर सांगा.

पंचगंगा

रातराणी ताई, मी हात वहीत लिहून ठेवतो, त्यामुळे सांगू शकतो. बाकी सगळा कचराच होता. एक मात्र होतं: याच हाताच्या सात हात आधी मी कटऑफवर, म्हणजे बटनच्या आधीच्या जागेवर, होतो, ५४,००० चिप्स होत्या. माझ्यापर्यंत सगळ्यांचं फोल्ड आलं आणि माझ्याकडे सत्तीची जोडी होती. टाकून दिली. बिग ब्लाइंडला टेबलावरचा सगळ्यात मोठा स्टॅक, म्हणजे सगळ्यात जास्त चिप्सवाला, बसला होता, तो बरेच कॉल करत होता, आणि मला वाटलं पैशात जायला इतकं थोडं उरलंय तर यापेक्षा चांगला हात आला की जाऊ. वहीत पुढे "बरोबर" असं लिहिलंय.

गणिताची_वही

इथंच आहे ते.

सात हात आधी ५४,०००, आणि बटनवर ४४,०००. मधले १०,००० कुठे गेले? ब्लाइंड आणि अँटी. आठ जणांच्या टेबलावर एक फेरी म्हणजे २,००० अधिक ४,००० अधिक ४,०००. तुम्ही एकही हात न खेळता अडीच बिग ब्लाइंड घालवलेत.

आता तो सत्तीचा हात मांडते. मागे तिघेच: बटन, स्मॉल ब्लाइंड, बिग ब्लाइंड. समजा तिघंही सत्तीची जोडी आणि वर, एक्का-दश्शी आणि वर, राजा-राणी एवढ्यावर कॉल करतात. असे हात दहात एकदा येतात. तिघांचंही फोल्ड होण्याची शक्यता ७३ टक्के. तेवढ्या वेळा पत्ता न उघडता अडीच बिग ब्लाइंड तुमचे. उरलेल्या २७ टक्क्यांत कॉल झाला तर तुम्ही ४२ टक्क्यांच्या आसपास जिंकता, थोडा तोटा होतो. सगळं मिळून दर वेळी सरासरी दीड बिग ब्लाइंडचा फायदा. ११-१३ बिग ब्लाइंड असणाऱ्याला दीड बिग ब्लाइंड ही मोठी रक्कम आहे.

बघा, सत्तीची जोडी पत्ते उघडल्यावर मागे आहे, तरी हात फायद्याचा आहे. कमाई सगळी दुसऱ्यांच्या फोल्डमधून येते. अठ्ठीचा कॉल करताना फोल्ड करणारं कुणी उरलंच नव्हतं. त्या गृहस्थांचे पैसे आधीच मध्ये पडले होते. तुमच्याकडे जिंकायचा एकच रस्ता होता: पत्ते उघडून जिंकणं.

बेळगावकर

मी असहमत. बबलच्या चार जागा आधी १३ बिग ब्लाइंड घेऊन सत्तीची जोडी टाकून देण्यात काय चूक आहे? रातराणी ताईंनीच आत्ता सांगितलं की बाद होणं महाग असतं. मग ऑल-इन टाकणं महाग नाही का? आणि बिग ब्लाइंडला तो मोठा स्टॅक बसलाय, तो दहात एकदा नाही, तिसऱ्यातिसऱ्या हाताला कॉल करेल. त्याला तुमचे ५४,००० म्हणजे काहीच नाहीत. पंचगंगांनी हे बघूनच टाकला ना हात. गोव्यात असे लोक प्रत्येक टेबलावर एक तरी असतोच.

गणिताची_वही

रास्त प्रश्न आहे, नीट मांडून बघू.

बिग ब्लाइंडवाला ३० टक्के हातांवर कॉल करतो असं धरा, बाकी दोघं पूर्वीसारखेच. आता सगळ्यांचं फोल्ड होण्याची शक्यता ७३ वरून ५७ टक्क्यांवर येते. पण त्याच्या ३० टक्क्यांत लहान जोड्या, एक्का-पंजीसारखे हात, राजा-नव्वीसारखे हातही आले. त्यांच्यासमोर सत्त्या साधारण निम्म्या वेळा जिंकतात. एकूण फायदा १.४ बिग ब्लाइंडच्या आसपास राहतो, जवळजवळ तेवढाच. हे बघून मीसुद्धा पुन्हा आकडेमोड केली, पण बरोबर आहे.

बदलते ती जोखीम. पहिल्या हिशेबात या एका हातावर बाद होण्याची शक्यता साधारण १६ टक्के होती, आता २३. बेळगावकरांचा मुद्दा इथं खरा आहे: बबलवर हे सात टक्के जाणवतात. बक्षिसांची पहिली पायरी फार उंच असेल, किंवा टेबलावर दोन-तीन जण एक-दोन बिग ब्लाइंडवर लटकत असतील, तर मीही ऑल-इन हात राखूनच टाकेन.

पण मग तोच तराजू अठ्ठीच्या हाताला लावा. तिथं हरलं की एक बिग ब्लाइंड उरणार, म्हणजे बाद झाल्यासारखंच. ती शक्यता मोकळ्या रेंजसमोर ५१ टक्के आणि घट्ट रेंजसमोर ६४ टक्के. ज्या माणसाला बबलवर १६ ते २३ टक्के जोखीम फार वाटली, त्यानं सात हातांनी ५१ ते ६४ टक्के जोखीम घेतली.

बेळगावकर

हे असं बाजूबाजूला ठेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सत्तीचा हात अजूनही परिस्थिती बघूनच ठरवावा म्हणेन, पण दोन्ही निर्णय एकाच माणसाचे असू शकत नाहीत, हे मान्य.

सॅनहोजेकर

इथं सॅन होजेतल्या कार्डरूममध्ये सोमवारची छोटी टूर्नामेंट खेळतो. पंचगंगा, तुमच्या हातावरून मला २००९ चं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचं फायनल टेबल आठवलं. लास व्हेगासचं रिओ, मेन इव्हेंट, ६,४९४ खेळाडूंमधून शेवटचे नऊ. जो काडा नावाचा खेळाडू तिर्रीची जोडी घेऊन ऑल-इन गेला, समोर जेफ शुलमनकडे गुलामांची जोडी. तिसरी तिर्री आली. नंतर दुर्रीची जोडी घेऊन गेला, समोर अँतवान साऊटकडे राण्या. तिसरी दुर्री आली. मग त्याच साऊटकडे अठ्ठीची जोडी आली, तुमचीच, आणि काडाकडे एक्का-राजा. रिव्हरला राजा. साऊट तिसऱ्या क्रमांकावर बाहेर. काडा २१ व्या वर्षी विजेता झाला, आणि शेवटच्या हातात त्याच्याकडे नव्वीची जोडी होती, डार्विन मूनकडे राणी-गुलाम.

असे शेवटचे हात बरेच आहेत. १९८९ मध्ये फिल हेलम्यूथनं आधीची दोन्ही वर्षं जिंकलेल्या जॉनी चॅनला हरवलं तेव्हा हेलम्यूथकडे नव्वीची जोडी, चॅनकडे एक्का-सत्ती. २०१४ मध्ये मार्टिन जेकबसनकडे दश्शीची जोडी, समोर एक्का-नव्वी. जेकबसन त्या फायनल टेबलवर आला तेव्हा नऊ जणांत आठवा होता.

मला वाटतं हे हात बघूनच आपल्या डोक्यात "मधली जोडी म्हणजे भक्कम" असं बसतं. पण हे तिन्ही हात दोघंच उरले असतानाचे आहेत. समोर एकच माणूस असेल तर त्याच्याकडे अठ्ठीपेक्षा मोठी जोडी असण्याची शक्यता ३ टक्के. आठ जणांच्या टेबलावर सात जण समोर असतील तर कुणातरी एकाकडे ती असण्याची शक्यता १९ टक्के होते. आणि पहिल्या जागेवरच्यानं आधीच ऑल-इन टाकलं असेल तर त्यानं स्वतःच सांगून टाकलंय की मी त्या थोड्यांपैकी असू शकतो.

रातराणी

सॅनहोजेकर, यात मी भर घालते. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी याला 'गॅप'ची कल्पना म्हटलंय: आपण पहिल्यांदा उघडायला (पहिली पैज लावायला) जो हात पुरतो, तो दुसऱ्यानं उघडल्यावर कॉल करायला पुरत नाही, मधे फट असते. माझा अनुभव असा की शॉर्ट स्टॅकला, म्हणजे चिप्स थोड्या असताना, ही फट सगळ्यात रुंद दिसते ती छक्कीपासून नव्वीपर्यंतच्या जोड्यांत. एक्के-राजे घेऊन कसंही गेलात तरी चालतं. दुर्री-तिर्री घेऊन कुणी मोठा कॉल करायला जात नाही. फसतो तो या मधल्या जोड्यांतच, कारण दिसायला त्या हात वाटतात.

आणि वाट बघण्याबद्दल. "यापेक्षा चांगला हात आला की जाऊ" हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा मनात म्हटलंय. नव्वी आणि वरच्या जोड्या अधिक एक्का-राजा, हे सगळं धरलं तरी १,३२६ पैकी ५२ हात. पंचवीस हातांत एकदा. बोटीवर डीलर तासाला साधारण २५ ते ३० हात वाटतो. म्हणजे तासभर बसायचं. तासाभरात आठ जणांच्या टेबलावर तीन फेऱ्या, साडेसात बिग ब्लाइंड खर्च, आणि मधे ब्लाइंड वाढतात ते वेगळंच. १३ बिग ब्लाइंडवर बसलेल्याकडे तो चांगला हात येईपर्यंत पाच-सहा उरतात, आणि तेवढ्यावर कुणी फोल्डही करत नाही. हात आला तरी त्याची धार गेलेली असते. मला हे कळायला फार वेळ लागला. घरी येताना पणजीच्या बस स्टँडवर बसून मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला होता.

१९९५ चे वर्ल्ड सिरीज विजेते डॅन हॅरिंग्टन यांनी 'एम' नावाचं माप रूढ केलं, बॅकगॅमनवाल्या पॉल मॅग्रील यांच्या नावावरून. स्टॅक भागिले एका फेरीचा खर्च. पंचगंगा, सत्तीच्या हाताला तुमचा एम ५.४ होता, अठ्ठीच्या हाताला ४.४. टेबलावर बसल्यावर बिग ब्लाइंड मोजण्यापेक्षा मी हेच मोजते, कारण यात अँटीसुद्धा येते आणि "अजून किती फेऱ्या जगणार" हे सरळ कळतं.

जुना_पत्तेवाला

एक शंका. मी बिग ब्लाइंडला आहे, माझ्याकडे सात-आठ बिग ब्लाइंड. बटननं दुप्पट करून उघडलंय. माझ्याकडे नव्वीची जोडी. मी ऑल-इन टाकलं तरी तो एवढ्या थोड्या पैशांसाठी कॉल करणारच. मग फोल्डची कमाई कुठून आणायची?

सॅनहोजेकर

काका, त्यासाठी जुनी युक्ती आहे, 'स्टॉप अँड गो'. फ्लॉपच्या आधी नुसता कॉल करायचा आणि फ्लॉप काहीही येवो, पहिली पाळी तुमची असते तेव्हा उरलेलं सगळं टाकायचं. एक्का-राजासारखे दोन मोठे पत्ते फ्लॉपवर तीनपैकी दोन वेळा चुकतात. फ्लॉपच्या आधी कॉल करणारा माणूस राणी-चौकी-तिर्री बघितल्यावर एक्का-राजा टाकून देऊ शकतो. तुमची ८७ टक्क्यांची अडचण इथं त्याच्या डोक्यावर टाकता येते. पण ठरवलं तर फ्लॉप बघून मागं हटायचं नाही. एक्का पडला म्हणून हात आखडला तर युक्ती मोडली.

आता सगळे बिग ब्लाइंड आधीच रुंद कॉल करून पुढे खेळतात, त्यामुळे ही युक्ती पूर्वीइतकी ऐकू येत नाही. छोट्या स्टॅकला अजूनही उपयोगी आहे.

बेळगावकर

१५ ते २० बिग ब्लाइंड असतील तर? तेव्हा अठ्ठी घेऊन थेट ऑल-इन टाकणं मला जड वाटतं.

गणिताची_वही

तेव्हा पहिल्यांदा थेट न टाकता साधं उघडा. पण कटऑफ किंवा बटननं आधी उघडलं असेल आणि तुम्ही ब्लाइंडमध्ये असाल, तर त्याच्यावर १८ बिग ब्लाइंड टाकायला मधल्या जोड्या फार चांगल्या. उशिराच्या जागेवरून लोक खूप हात उघडतात आणि त्यातले बरेच टाकून देतात. पुन्हा तेच, कमाई त्याच्या फोल्डची. पहिल्या जागेवरून उघडलं असेल तर मात्र माझा हात थांबतो. १० बिग ब्लाइंडवर एक चूक टाळा: दोन-सव्वादोनपट उघडून मग कुणी ऑल-इन टाकल्यावर फोल्ड करणं. पाचवा हिस्सा घालायचा आणि जोडी सोडायची, याच्याइतकं वाईट काही नाही.

रातराणी

सॅटेलाइट, म्हणजे मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट जिंकायची टूर्नामेंट, असेल तर वरचं सगळं विसरा. तिथं दहा जणांना सारखीच तिकिटं मिळणार असतील आणि अकरा उरले असतील, तर मोठा स्टॅक एक्क्यांची जोडीसुद्धा टाकतो, आणि बरोबर करतो. उलट बाउंटी असलेल्या टूर्नामेंटमध्ये समोरच्याला बाद केल्याचे पैसे मिळतात, तिथं अठ्ठीचा तोच कॉल रास्त होऊ शकतो. पंचगंगांची टूर्नामेंट साधी होती ना?

पंचगंगा

साधीच होती, ताई. बाउंटी नव्हती.

सराव कसा करता ते सांगाल का? पूर्वी फोनवर थोड्या पैशांच्या टूर्नामेंट खेळायचो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा झाला आणि ऑनलाइन पैशांचे खेळ बंद झाले. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत, १९७६ चा कायदा कागदावरच राहून २०२३ मध्ये रद्दही झाला. म्हणजे मला वर्षातून दोन वेळा गोवा, एवढंच. वर्षाचं ठरलेलं बजेट आहे, त्याच्या बाहेर एक रुपया जात नाही. बायकोला हिशेब दाखवतो आणि तो तसाच राहणार. पण दोन टूर्नामेंटमध्ये शॉर्ट स्टॅकचे असे निर्णय दहा-पंधराच येतात.

जुना_पत्तेवाला

बजेटचं वाचून बरं वाटलं. ते मोडू नका, बाकी सगळं शिकता येतं.

सरावाला पैसे लागत नाहीत. आम्ही घरी आठ जागांचा कागद करतो आणि नातवंडांच्या खेळातल्या चकत्या वापरतो. एक जण १० बिग ब्लाइंड घेऊन बसतो, बाकीचे रास्त कॉल करायचं कबूल करतात. दोन तासांत आठवड्याभराचे शॉर्ट स्टॅक होऊन जातात. माझा नातू आता माझ्याआधी सांगतो, आजोबा, तुम्ही टाकणारे आहात की कॉल करणारे?

गणिताची_वही

त्या जोडीला एक काम करा. वहीत हाताचा निकाल लिहू नका. जागा, स्टॅक, फेरीचा खर्च, मागे किती जण, समोरच्यानं काय केलं, एवढंच लिहा आणि पान बंद करा. घरी आल्यावर निर्णय तपासा. तुमचा अठ्ठीचा हात रिव्हरला राजा आल्यामुळे लक्षात राहिला. तिथं दुर्री आली असती तर हा धागा निघालाच नसता, आणि सत्तीचा हात तर कुणी विचारलाच नसता.

पंचगंगा

खरं आहे. दुर्री आली असती तर मी पैशात गेलो असतो आणि घरी सगळ्यांना सांगितलं असतं की धीर धरला म्हणून जमलं.

काल रात्री भाऊ आणि मी जेवणानंतर बसलो. कटऑफवर सत्तीची जोडी, ५४,०००, मागे तिघे, एवढाच एक प्रसंग पुन्हा पुन्हा वाटला. मागच्या तिघांचे पत्ते भाऊ उघडायचा आणि वर ठरवलेल्या यादीप्रमाणे कॉल की फोल्ड ते सांगायचा. पहिल्या दहा-बारा वाटपांत मला प्रत्येक वेळी छातीत धडधड होत होती, खोटे पैसे असूनही. मग हळूहळू ती गेली. बहुतेक वेळा काहीच घडत नाही. तिघंही पत्ते खाली टाकतात आणि १०,००० माझ्याकडे सरकतात. टेबलावर मला घडणारं तेवढंच दिसत होतं, न घडणारं कधी मोजलंच नव्हतं.

नंतर गोव्याची वही काढली. अठ्ठीच्या हातापुढे मी मोठ्या अक्षरात "नशीब" लिहिलं होतं, सत्तीच्या हातापुढे "बरोबर". दोन्ही शब्द खोडले आहेत.